नाव एवढ्या उंचावर का?

अजिंठ्याच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या एका चित्रावर कुणीतरी आपलं नाव खरडून ठेवलंय. जॉन स्मिथ, २८वी कॅव्हलरी, २८ एप्रिल १८१९. गडकिल्ल्यांच्या भिंतींवर बदाम कोरणाऱ्यांचा हा थोर पूर्वज. कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतला अधिकारी, वाघाच्या शिकारीला म्हणून आला आणि वाघूर नदीच्या वळणावरच्या कड्यात त्याला लेण्याची कमान दिसली. त्याला तिथवर एका गुराख्याच्या पोरानं नेलं असंही सांगतात. त्याच्या खरडण्याचा राग येतो तो येतोच, पण मला त्या नावात वेगळाच रस आहे. आज लेण्यात उभं राहिलं की ते नाव मोठ्या माणसाच्याही नजरेच्या बरंच वर राहतं.

मी आठवड्यातून एक तास गावातल्या शाळेत पाचवीच्या मुलांबरोबर वाचत बसते. अजिंठ्याच्या शोधाची गोष्ट मी त्यांच्यासाठी दीड पानात लिहून काढली आणि खाली एकच प्रश्न टाकला: त्यानं नाव एवढ्या वर का लिहिलं?

"तो लई उंच असंल." "शिडी आणली असंल." मग मागच्या बाकावरून, "ताई, घोड्यावर बसून लिहिलं! घोडदळातला होता ना तो?"

हे घोड्याचं उत्तर चुकीचं आहे, पण मला ते फार आवडलं. पोरानं कॅव्हलरी म्हणजे घोडदळ हे उताऱ्यातून उचललं आणि खाली न लिहिलेल्या गोष्टीला जोडलं. वाचन म्हणतात ते हेच. खरं उत्तर थोड्या वेळानं एका मुलीकडून आलं. उताऱ्यात पाच ओळी वर एक वाक्य होतं, लेण्यात शेकडो वर्षांची माती आणि दगडगोटे साचले होते म्हणून. तिनं बोट ठेवून ते पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे तेव्हा जमीनच वर होती. आमच्या आडाचा कठडा असाच खाली गेलाय, रस्त्यावर मुरूम टाकून टाकून."

बरोबर. स्मिथ सुमारे पाच फूट उंचीच्या ढिगाऱ्यावर उभा होता. पुढे ढिगारा उपसला गेला, जमीन खाली गेली आणि नाव वर लटकत राहिलं. उताऱ्यात हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मुलीनं ते दोन वाक्यांच्या मधल्या फटीतून काढलं, आणि फट बुजवायला साहित्य आणलं घरच्या आडावरून.

आता याच्या शेजारी आपला नेहमीचा प्रश्न ठेवून पाहा. 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा.' उतारा: एका लोसक्या कुडवात दोन झिंपट्या टुपत होत्या. प्रश्न: झिंपट्या कुठे टुपत होत्या? उत्तर: झिंपट्या एका लोसक्या कुडवात टुपत होत्या. पैकीच्या पैकी गुण. झिंपटी म्हणजे काय हे मलाही ठाऊक नाही, आत्ताच बनवलीय. मराठीचं व्याकरण अंगवळणी पडलेलं पोर असले प्रश्न डोळे मिटून सोडवतं आणि आपण त्याला आकलन म्हणतो.

वाचनाच्या अभ्यासकांनी या फटींचा बराच पाठलाग केला आहे. अमेरिकेत १९७२ साली जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी लोकांना एक परिच्छेद ऐकवला. वस्तूंचे गट करा, एका वेळी फार घेऊ नका, काम झालं की पुन्हा गट करा, अशा धाटणीचा. एकही शब्द अवघड नाही, तरी ऐकणारे गोंधळले. ज्यांना आधीच सांगितलं होतं की हे कपडे धुण्याबद्दल आहे, त्यांना परिच्छेद समजलाही आणि त्यातले जवळपास दुप्पट मुद्दे आठवलेही. गंमत म्हणजे विषय नंतर सांगितला त्यांना काडीचाही फायदा झाला नाही. ज्ञान वाचताना हाताशी लागतं, नंतर मिळून उपयोग नाही.

त्याहून बोलका प्रयोग १९८८चा, डॉना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा. सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाच्या तुकड्याचं वर्णन वाचायला दिलं आणि मैदानाच्या छोट्या नमुन्यावर बाहुल्या हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची ठरलेली पण बेसबॉल कोळून प्यालेली मुलं, वाचनात हुशार पण खेळात अडाणी मुलांच्या सरळ पुढे गेली. आपल्याकडच्या एखाद्या 'ढ' पोराला कबड्डीच्या सामन्याचं वर्णन वाचायला द्या आणि शेजारी एखाद्या शहरी स्कॉलरला बसवा. निकाल मी सांगायला नको.

म्हणून मुलांना दर तासाला नवा उतारा, आज मधमाशी तर उद्या चंद्रयान, हे मला पटत नाही. तीन-चार आठवडे एकाच विषयाभोवती फिरलं की पहिल्या तासाचं ज्ञान तिसऱ्या तासाला फट बुजवायला मिळतं. अंदाज बांधा, प्रश्न विचारा, अडलेलं सोडवा, थोडक्यात सांगा, या चार युक्त्या मुलांनी आणि शिक्षकांनी आळीपाळीनं वापरायच्या, ही पद्धत ॲनमरी पॅलिन्क्सर आणि ॲन ब्राऊन यांनी १९८४ मध्ये मांडली. ती उपयोगाची आहे, मीही वापरते. पण मानसशास्त्रज्ञ डॅनियल विलिंगहॅम यांचं म्हणणं लक्षात ठेवण्याजोगं आहे. अशा युक्त्यांचा फायदा थोड्याच तासांत पदरात पडतो, त्याच पुन्हा पुन्हा घोटून पुढे विशेष काही मिळत नाही. पुढे लागते ती शब्दांची आणि माहितीची शिदोरी.

हे सगळं अक्षरं वाचता येतात असं धरून. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं समीकरण मांडलं: वाचन म्हणजे अक्षरं उकलणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हीपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. २०२२च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या फक्त ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला होता. बाकीच्यांचा पहिलाच आकडा तोकडा पडतोय. आणि घडाघडा वाचून 'काय वाचलंस?' म्हटल्यावर छताकडे पाहणारी मुलं असतात, त्यांचा दुसरा.

या गुणाकाराचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला पुन्हा दहाव्या लेण्यातच सापडलं. त्या लेण्याच्या दर्शनी कमानीपाशी एक लेख कोरलेला आहे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकातला. १८१९ मध्ये तो वाचू शकेल असा माणूस जगात नव्हता. प्राकृत जाणणारे जैन पंडित होते, पाली जाणणारे भिक्खू होते, म्हणजे समीकरणातली भाषा शाबूत होती. लिपी विसरली गेली होती. एक शून्य, आणि सगळं शून्य.

हे कोडं अठरा वर्षांनी फुटलं, कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या हातून. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवर छोटे छोटे लेख आहेत, त्यांचे ठसे तो पाहत होता. त्याच्या लक्षात आलं की बहुतेक सगळे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. तो विचारात पडला. धार्मिक वास्तूच्या सुट्या सुट्या दगडांवर एवढंसंच आणि शेवट सारखा असलेलं काय लिहितील? आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर काय लिहितात? अमक्याकडून सप्रेम भेट! त्यानं ताडलं, शेवटची अक्षरं 'दानं' असणार. त्याआधी वारंवार येणारं अक्षर 'स', म्हणजे प्राकृतातली षष्ठी, आपला 'चा-ची-चे'. द, न आणि स हाती लागले, आणि १८३७ मध्ये सगळी ब्राह्मी उलगडत गेली.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण हीच गोष्ट ऐकून काही जण उलटा धडा घेतात. शब्दाचं पहिलं अक्षर बघा, चित्र बघा आणि अंदाजानं वाचा, असं पहिलीच्या मुलांना शिकवणं चूक आहे. प्रिन्सेपला अंदाज करावा लागला, कारण त्याला अक्षरं शिकवणारं कुणी उरलं नव्हतं. आपल्या मुलांवर ही वेळ आलेली नाही. वाचताना डोळे कसे फिरतात हे यंत्रांनी मोजलं गेलंय. नजर ओळीवर सरपटत नाही, उड्या मारते, आणि प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो. पट्टीचे वाचक बहुतेक प्रत्येक अर्थवाही शब्दावर थांबतात. ते अंदाज करत नाहीत, त्यांची अक्षरं उकलण्याची क्रिया इतकी झटपट होते की ती त्यांनाही जाणवत नाही. मेंदूत त्यासाठी जन्मजात जागा नाही, लेखनच जेमतेम पाच हजार वर्षांचं. मेंदूचे अभ्यासक स्टानिस्लास देहान यांच्या मते डाव्या मेंदूच्या मागच्या-खालच्या भागातली, वस्तू आणि चेहरे ओळखणारी जागा सरावानं अक्षरांच्या कामाला जुंपली जाते. सराव हवाच.

आणि आपल्या लिपीला तो जास्त हवा. इंग्रजीची २६ अक्षरं, आपली बाराखडी आणि जोडाक्षरं धरली तर शेकडो आकार. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, त्यात अक्षरांचा सगळा संच पक्का व्हायला चौथी-पाचवी उजाडते असं दिसलं. देवनागरीत आणखी एक खोच आहे, ऱ्हस्व वेलांटी. 'कि' मध्ये आधी ऐकू येतो क, पण डोळ्यांना आधी भेटते वेलांटी. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर दाखवलं की ही अदलाबदल वाचनाचा वेग कमी करते. ब्राह्मीत हा त्रास नव्हता. तिथे वेलांटी म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची एक छोटी रेघ.

हे मुलांना सांगितलं तेव्हा वर्ग ब्राह्मीच्या प्रेमात पडला. त्यांना एकेक अक्षर दिलं: न म्हणजे उलटा टी, अनुस्वार म्हणजे ठिपका, काना म्हणजे आडवी रेघ. मग फळ्यावर लेण्यातला लेख ब्राह्मीत काढला आणि गप्प बसले. पाऊण तास लागला. अक्षराला अक्षर लावत, भांडत, खोडत त्यांनी खाली देवनागरीत लिहिलं:

वासिठिपुतस कटहादिनो घरमुख दानं

"घर!" कुणीतरी ओरडलं. "मुख म्हणजे तोंड!" "दान!" बावीसशे वर्षांपूर्वीच्या ओळीतले तीन शब्द पोरांच्या रोजच्या बोलण्यातले निघाले. घराचं तोंड म्हणजे दर्शनी भाग, हे त्यांनीच लावलं. 'स' म्हणजे 'चं' हे प्रिन्सेपच्या तासाला कळलं होतं, ते इथे कामाला आलं. वासिठिपुत म्हणजे वासिष्ठीचा मुलगा, हे मात्र मला सांगावं लागलं. आईच्या नावानं ओळख सांगायची पद्धत सातवाहन राजांमध्येही होती म्हटल्यावर वर्गातल्या मुलींनी ते वहीत लिहून घेतलं. कटहादी हे त्याचं स्वतःचं नाव. त्यानं लेण्याचा दर्शनी भाग दान केला.

मग एका मुलानं माझ्या दीड पानातलं पहिलंच वाक्य पकडलं. 'जॉन स्मिथनं लेणी शोधून काढली' असं मी लिहिलं होतं. "पण कटहादीला माहीतच होती की. आणि त्या गुराख्याला पण. मग हरवली कुणाची होती?" आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होती, हे खरंच आहे. मुंबईच्या लिटररी सोसायटीत १८२२ साली विल्यम अर्स्किननं निबंध वाचला, त्यानंतर ती युरोपला कळली. आम्ही 'शोधून काढली' खोडून 'पाहिली' केलं, नंतर ते पुळचट वाटलं म्हणून पुन्हा खोडलं. अजून ठरलेलं नाही.

अवशेषांची प्रत्येक गोष्ट या कामाची नसते. खजिना, शाप, गुप्त दरवाजा असल्या गोष्टींत मुलं पुढे काय घडेल याकडे धावतात, पुरावा मागत नाहीत. जिथे काहीतरी अर्धवट उरलंय आणि ते पाहणारा माणूस उघडपणे तर्क करतोय, अशी गोष्ट हवी. जोर्वे, इनामगाव, दायमाबाद, आपल्याकडे उत्खनन झालेल्या जागांची वानवा नाही.

परवा शाळेत गेले तर हेडमास्तर वर्गाच्या दारात उभे. फळ्याच्या वर, पार छतालगत, कुणीतरी कोळशानं काड्या आणि ठिपके काढले होते. "हे काय नक्षीकाम?" ते म्हणाले. "बरं, हात पोचला कसा तिथे?"

मी मान वर करून वाचलं. एका मुलाचं नाव, मग स, मग द, मग उलटा टी, शेवटी ठिपका. दोन बाकं एकावर एक लावली असणार. मी काही बोलले नाही.