वजन अडकणे (बॅरिआट्रिक शस्त्रक्रियेनंतर)

बॅरिआट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठरावर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर भराभर उतरणारे वजन काही दिवस किंवा काही आठवडे एकाच आकड्यावर थांबून राहते, त्या अवस्थेला वजन अडकणे म्हणतात. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ तिला ‘प्लॅटो’ म्हणतात, घरात मात्र ‘काटा हलत नाही’ असेच ऐकू येते. शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकांना हा अनुभव एकदा तरी येतो, अनेकांना दोन-तीनदा येतो. म्हणून शस्त्रक्रिया फसली असे होत नाही. खरे नुकसान होते ते या काळात घाबरून आणखी कमी खाल्ल्यामुळे, आणि ते टाळता येण्याजोगे आहे.

भारतात सर्वाधिक होणाऱ्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी ठेवतात. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने सुरुवातीचे काही महिने भूक फारशी लागत नाही. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाचा साधारण 30 मिलिलिटरचा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्ही प्रकारांत वजन उतरण्याचा मुख्य काळ पहिल्या 12 ते 18 महिन्यांचा. या काळातला आलेख पाखाडीसारखा, म्हणजे कोकणातल्या चढावरच्या पायऱ्यांच्या वाटेसारखा असतो : चार पायऱ्या उतार, मग थोडी सपाटी, मग पुन्हा उतार.

तिसऱ्या आठवड्यातला थांबा

पहिली सपाटी बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येते. तिचे कारण पाणी. यकृत आणि स्नायू मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) साठवून ठेवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. शस्त्रक्रियेनंतर केवळ द्रवाहारावर असताना शरीर हा साठा आधी वापरते. पहिल्या काही दिवसांत दीड-दोन किलो झटकन उतरतात त्यात या पाण्याचा वाटा मोठा असतो. पुढे खाणे थोडे वाढले की साठा अंशतः भरतो, पाणी परत येते आणि काटा थबकतो.

चरबी मात्र त्याही आठवड्यात जळतच असते. शरीराचा रोजचा खर्च 1,800 कॅलरी आणि पोटात जाणारे 600, असे धरले तर रोज 1,200 कॅलरींची तूट पडते. आठवड्याला ती 8,400 होते. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात, म्हणजे एक किलोहून थोडी अधिक चरबी गेली. त्याच आठवड्यात एक किलो पाणी परत आले असेल तर काट्यावर काहीच दिसणार नाही. सोमवारी वजन करून रडवेल्या झालेल्या माणसाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा, नुसत्या धीराच्या शब्दांपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो. बद्धकोष्ठ, मासिक पाळी, खारट जेवण किंवा नव्याने सुरू केलेला व्यायाम यांनीही एक-दोन किलोंचा असाच फरक पडतो.

चार-सहा महिन्यांनंतरचे थांबे वेगळे. 120 किलोंचा माणूस 90 किलोंवर आला की चढ चढायला, उभे राहायला, नुसते निजायलाही त्याला कमी ऊर्जा लागते. शिवाय उपासमार ओळखून शरीर आपला विसाव्याचा खर्च अपेक्षेपेक्षाही खाली आणते. उतरलेल्या वजनात स्नायूंचाही काही भाग असतो. प्रथिने कमी पडली तर तो भाग वाढतो आणि खर्च आणखी घटतो. कमी खाऊन थांबा मोडू पाहणारा माणूस याच फेऱ्यात सापडतो.

कोकणातले खाणे आणि अडकलेला काटा

आजाऱ्याला पेज, हा कोकणातल्या घराघरातला रिवाज. शस्त्रक्रिया होऊन आलेल्या माणसासमोर उकड्या तांदळाची ऊन ऊन पेज येते, ती मायेने येते आणि पोटाला सोसतेही. पण वाटीभर पातळ पेजेत प्रथिने जेमतेम दोन ग्रॅम, आणि दिवसाची गरज असते किमान 60 ते 80 ग्रॅमची. पेज, वर मऊ भात, त्यावर गोडी डाळ असे महिनोन्‌महिने चालले तर केस गळतात, थकवा येतो, स्नायू झिजतात आणि वजनही अडकते. पेज बंद करायची गरज नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या टप्प्यानुसार तिच्या आधी मऊ उकडलेले अंडे, घट्ट दही, पनीर किंवा प्रथिनांची पावडर जावी, आणि जागा उरली तर पेज. कुळथाची पिठी हा त्याहून बरा आधार, तरी तिच्याकडूनही अवाजवी अपेक्षा नको. 100 ग्रॅम कुळथात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असली तरी वाटीभर पिठीत पडते तीन चमचे पीठ, म्हणजे सहा-एक ग्रॅम.

किनाऱ्यावरच्या माणसाचे खरे बळ मासळीत आहे. 100 ग्रॅम बांगड्यातून 18 ते 20 ग्रॅम प्रथिने मिळतात. तारली, कोळंबी, मोरी (लहान शार्क) हेही चांगले. काटे नीट काढून, एकेक घास बारीक चावून, 20 ते 30 मिनिटांत जेवण संपवावे, आधी मासा आणि मग भात. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नको. तळलेल्या तुकडीपेक्षा तिखले (माशाचे तिखट कालवण) किंवा कमी वाटणाची आमटी बरी.

1 जूनपासून पावसाळ्यापुरती यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, ताजी मासळी महागते, आणि ताटात सुके येते. सुक्या बोंबलात वजनाच्या जवळपास 60 टक्के प्रथिने असतात, त्यामुळे तो वाईट नाही. खारा बांगडा मात्र मिठात मुरलेला असतो. रात्री तो खाल्ला की सकाळी काटा वर गेलेला दिसू शकतो. कोमट पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुऊन घेतल्यास मीठ बरेच उतरते. मग श्रावण लागतो आणि अनेक घरांत मासेमटण बंद होते. त्या महिन्यात काळ्या वाटाण्याची उसळ, मोड आलेले मूग, दही आणि पनीर यांची जुळणी आधीच करून ठेवली नाही तर प्रथिनांचा आकडा निम्म्यावर येतो. भाद्रपदात वजन अडकल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांना श्रावणात काय खाल्ले हे आधी विचारावे.

नारळाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात 400 च्या आसपास कॅलरी असतात. घट्ट रसाची सोलकढी पेलाभर सहज उतरते, जठरात थांबत नाही, त्यामुळे पोट भरल्याची जाणीवही देत नाही. नारळाच्या रसाशिवाय केलेले तिवळ (कोकमाचे पेय) घेतले तर हा प्रश्न राहत नाही. स्लीव्हनंतर आंबट वर येण्याचा त्रास अनेकांना होतो, तो असेल तर कोकम जपूनच. फेणी किंवा कोणतेही मद्य या शस्त्रक्रियांनंतर, विशेषतः बायपासनंतर, फार लवकर चढते. ते टाळावे.

मे महिन्यात चाकरमानी गावी येतात. हापूस, बरका फणस, ओले काजू, आंबापोळी, दारात पाहुणे. एका जेवणात थोडेच मावते, पण येता-जाता एक फोड, दोन गरे, चहाबरोबर खारी असे दिवसभर चालू राहते. उशिरा येणाऱ्या थांब्यांमागे हे सततचे किरकोळ खाणे फार वेळा सापडते. आंब्याची फोड जेवणातच घ्यावी. बायपास झालेल्यांनी आमरस टाळावा, कारण साखर एकदम आतड्यात उतरली की घाम, धडधड, मळमळ आणि जुलाब होऊ शकतात. पंगतीत वाढणारी काकी ‘वायच घे गो, एवढ्यान काय होता?’ म्हणते तेव्हा नाही म्हणणे जड जाते. आहारतज्ज्ञाकडे पहिल्याच भेटीत स्वयंपाक करणारी व्यक्ती सोबत गेली असेल तर ही ओढाताण पुष्कळ कमी होते.

हालचाल आणि मोजमाप

जखमा भरून डॉक्टरांनी मोकळीक दिली की पाखाडीची चढ-उतर आणि किनाऱ्यावरचे चालणे हे उत्तम व्यायाम आहेत. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, तेव्हा पडवीत फेऱ्या, खुर्चीतून हात न टेकता दहा-दहा वेळा उठणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे हे करावे. स्नायू टिकवायचे तर नुसते चालणे पुरत नाही. दमट हवेत घाम खूप जातो, म्हणून घोट घोट करून दिवसाला दीड-दोन लिटर द्रव पोटात जायला हवे.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचानंतर, त्याच काट्यावर करावे आणि कंबरेचे माप महिन्यातून एकदा टेपने घ्यावे. काटा थांबलेला असताना टेप दोन सेंटिमीटर आत आलेला दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे.

केव्हा तपासणी हवी

चार आठवड्यांहून अधिक काळ वजन आणि माप दोन्ही थांबले तर आठवडाभराचे खाणे-पिणे प्रामाणिकपणे लिहून डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइड, स्टेरॉइड, इन्शुलिन, काही नैराश्यविरोधी औषधे अशी कारणे तपासावी लागतात. दीड-दोन वर्षांनंतरचा थांबा हा बहुतेकदा मुक्काम असतो. 1987 साली सुरू झालेल्या स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी 23 टक्के, दहा वर्षांनी 17 टक्के आणि वीस वर्षांनी 18 टक्के घटलेले होते. थोडे वजन परत येणे हा शरीराचाच धर्म आहे, त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. वजन बरेच वाढू लागले तर कप्पा किंवा नळी सैल झाली आहे का ते पाहतात आणि सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड यांसारखी औषधे किंवा क्वचित दुसरी शस्त्रक्रिया यांचा विचार होतो.

कोकणात मोठी अडचण अंतराची. शस्त्रक्रिया मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्यात होते आणि पुढच्या तपासण्या प्रवासापायी राहून जातात. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि अल्ब्युमिन यांसाठी रक्त तालुक्याच्या गावी देऊन अहवाल फोनवर पाठवता येतो. पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी हे करावे, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्यात. सतत उलट्या, पाणीही न टिकणे, ताप, पोटात तीव्र कळ, पोटरीला सूज, दुहेरी दिसणे किंवा चालताना तोल जाणे यांपैकी काहीही झाले तर फोनवर न थांबता त्याच दिवशी जवळचे रुग्णालय गाठावे. उलट्या होणाऱ्या रुग्णाला ग्लुकोजचे सलाइन लावण्याआधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) द्यावे लागते, म्हणून शस्त्रक्रियेचा कागद सोबत न्यावा आणि ती कोणती झाली हे आधी सांगावे.