लायसन्स कुणी रोखलं, आरटीओने की कोर्टाने? अपील कुठे करायचं ते त्यावर ठरतं

लायसन्स निलंबनाचा कागद हातात पडला की जळगाव-धुळ्याकडचा ड्रायव्हर थेट वकील गाठतो आणि ‘सेशनला (सत्र न्यायालयात) अपील टाका’ म्हणतो. बऱ्याचदा ते दारच चुकीचं असतं आणि हे कळेपर्यंत मुदत निघून जाते. म्हणून आधी कागदाचा शेवट बघा. सही-शिक्का परवाना प्राधिकाऱ्याचा, म्हणजे आरटीओचा, आहे की न्यायदंडाधिकाऱ्याचा? कलम १९ लिहिलंय की २०? मोटार वाहन कायदा, १९८८ मधली ही दोन्ही कलमं शेजारी-शेजारी आहेत आणि दोन्हींमुळे गाडी चालवणं बंद होतं. अपिलाचे रस्ते मात्र पार वेगळे आहेत.

कलम १९ चा आदेश प्रशासकीय असतो. त्यासाठी खटला चालून दोष सिद्ध व्हावा लागत नाही. रावेर-यावलकडे केळी कापणीचे मजूर मालवाहू टेम्पोत बसवून नेले, गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माल भरला, चालवताना मोबाइल कानाला लावला, ही सगळी कृत्यं केंद्रीय मोटार वाहन नियम २१ मध्ये, म्हणजे कलम १९ ज्यांना लागू होतं त्या कृत्यांच्या यादीत, मोडतात. २०१९ च्या दुरुस्तीपासून हेल्मेट नसणं, ट्रिपल सीट, दारू पिऊन किंवा धोकादायक चालवणं यासाठी पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता (म्हणजे त्या काळात लायसन्स चालत नाही), पुन्हा घडलं तर लायसन्स रद्द. एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: अशा जप्तीनंतर मिळणाऱ्या पोचपावतीवर गाडी चालवता येत नाही.

या आदेशावर अपील कलम १९(३) खाली करायचं, तेही कोर्टात नाही, तर राज्याच्या नियमांनी नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. दिवस मोजायचे ते आदेश हातात पडल्यापासून, त्यावरच्या तारखेपासून नाही. म्हणून टपालाचं पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का हाच पुरावा. उशीर माफ करण्याची सोय या पोटकलमात लिहिलेली नाही, तेव्हा शेवटच्या आठवड्याची वाट बघू नये. अपिलातले खरे मुद्दे दोनच: म्हणणं मांडायची संधी दिली का आणि आदेशात कारणं लेखी नोंदवलीत का. नोटिशीला उत्तर दिलं असेल तर त्याची पोच घेतलेली प्रत जोडा. ‘कुटुंब माझ्यावर अवलंबून आहे’ एवढ्यावर अपील टिकत नाही. प्राधिकाऱ्याचा निर्णय कायद्याने अंतिम आहे. त्यापुढे राहते ती उच्च न्यायालयातली रिट याचिका. खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ती छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात दाखल होते.

कलम २० चा आदेश हा शिक्षेला जोडून येतो. खटल्यात दोष सिद्ध झाला की न्यायदंडाधिकारी दंडाबरोबरच अपात्रताही फर्मावतात. दारू पिऊन चालवल्याच्या (कलम १८५) खटल्यात ती किमान सहा महिन्यांची असतेच. याचं अपील सत्र न्यायालयात, ३० दिवसांत. आणि सत्र न्यायालय कुठलं, हे लायसन्सवरच्या एमएच १९ किंवा एमएच ३९ वरून ठरत नाही. शिरपूरच्या कोर्टाने शिक्षा दिली तर अपील धुळे जिल्ह्यात. नाशिकला पकडलेल्या जळगावच्या ड्रायव्हरला नाशिकलाच जावं लागतं आणि पुढे उच्च न्यायालयही मुंबईचं लागतं.

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घाईने दिलेल्या कबुलीने. ‘दंड भरू आणि मोकळे होऊ’ म्हणून गुन्हा कबूल केला की दोषसिद्धीवर अपील जवळपास संपतं. फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढंच उरतं. तरी कलम २० नेच एक वाट मोकळी ठेवली आहे. दोषसिद्धीवर अपील होत नसलं तरी अपात्रतेचा आदेश सत्र न्यायालय रद्द करू शकतं किंवा बदलू शकतं. दारूच्या प्रकरणात मात्र सहा महिने कायद्यानेच बांधलेले असल्याने मागणी त्याच्या वरच्या काळापुरती ठेवलेली बरी.

एकाच रात्रीच्या प्रकारात आरटीओ आणि कोर्ट दोघांचेही आदेश निघू शकतात. मग अपिलंही दोन, दोन ठिकाणी. एक जिंकलं म्हणून दुसरा आदेश गळून पडत नाही.

अपील दाखल केलं की आदेश थांबला, असा समज सर्रास आहे आणि तो महागात पडतो. कलम २३ प्रमाणे कोर्टाचा अपात्रतेचा आदेश अपिलाच्या काळातही चालूच राहतो, अपील न्यायालयाने स्पष्ट थांबवला तरच थांबतो. आरटीओच्या आदेशालाही अपिलाने आपोआप खीळ बसत नाही. दोन्हीकडे स्थगितीचा वेगळा अर्ज अपिलासोबतच द्यावा आणि स्थगितीची प्रत खिशात आल्याशिवाय स्टेअरिंगला हात लावू नये. अपात्र असताना चालवल्यास कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यात अपघात झालाच तर विमा कंपनीला कोर्टात बचाव घ्यायला हेच कारण मिळतं.