असाइनमेंटच्या नियमांना वाली का नाही?

ठाणे आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांत सत्र सुरू झाले की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडते. असाइनमेंट किती, शेवटची तारीख कोणती, उशीर झाला तर किती गुण कापणार, दोघांची उत्तरे सारखी निघाली तर काय, आणि अलीकडे चॅटजीपीटी चालेल की नाही, एवढे त्यात असते. गंमत अशी की तिसऱ्या मजल्यावरचे नियम चौथ्या मजल्यावर लागू होतातच असे नाही. एक मॅडम दोन दिवसांची सवलत देतात, शेजारच्या वर्गातले सर रात्री ११:५९ नंतर गुगल क्लासरूमवर आलेले काहीही उघडत नाहीत. मुले याला ‘सरांचा मूड’ म्हणतात. मूळ शोधायचे तर मात्र विद्यापीठाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

ठाणे आणि नवी मुंबईतली बहुसंख्य कॉलेजे मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. १८ जुलै १८५७ रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर त्यातलेच. अशा संस्थेचे नियमपुस्तक परीक्षेपुरतेच असणार. वर्षभरात विद्यार्थ्याने घरी काय लिहिले, वेळेत आणून दिले की नाही, स्वतः लिहिले की नाही, हा मामला शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातला राहिला.

यावर बोट ठेवले गेले नाही असे नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच नेमलेल्या राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात म्हटले की विद्यापीठ शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असावी. प्रत्येक विषयाचे एक तृतीयांश गुण वर्षभराच्या कामासाठी ठेवावेत, अशी त्यांची शिफारस होती. तिच्याकडे आपल्याकडच्या बीए-बीकॉमने बराच काळ काणाडोळा केला.

अपवाद होता प्रयोगशाळेचा. सर्टिफाइड जर्नल, म्हणजे सही-शिक्का झालेली प्रयोगवही, असल्याशिवाय प्रॅक्टिकलला बसू द्यायचे नाही, हा विज्ञान शाखेतला जुना नियम. प्रत्येक प्रयोगाखाली तारीख आणि सही, शेवटी विभागप्रमुखांची सही. घरच्या कामाला खऱ्या अर्थाने दात होते ते इथेच. पण ते दात वेळेबाबतचे होते. जर्नल कोणी लिहिले यापेक्षा ते पूर्ण आहे की नाही, हेच तपासले जाई.

मग आले इंजिनीअरिंग. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. नवी मुंबई उभारणारी सरकारी कंपनी सिडको १९७० पासून नवे शहर वसवतच होती, जागा होती. पुढच्या दशकांत नेरूळपासून ऐरोलीपर्यंत कॉलेजे उभी राहिली. त्यांच्याबरोबर ‘टर्म वर्क’ हा शब्द या भागात घरोघरी गेला. विषयाला साधारण पंचवीस गुण, त्यात प्रयोग, असाइनमेंट आणि हजेरी. ७५ टक्क्यांखाली हजेरी गेली की नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये, आणि मग आई-बाबांना घेऊन या.

कॉपीची एक पूर्ण कारागिरी याच टर्म वर्कने घडवली. ड्रॉइंगच्या शीटची ‘जीटी’, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, त्या काळच्या कुठल्याही इंजिनीअरला विचारा. दोन टेबलांच्या मधल्या फटीवर काच ठेवायची, खाली टेबललॅम्प, काचेवर मित्राची तपासलेली शीट, तिच्यावर आपली कोरी शीट क्लिपने घट्ट, आणि रात्रभर रेषा गिरवायच्या. अशी शीट सरांना ओळखू येत नसे असे समजू नका. मित्राने एक मिती चुकवलेली असेल तर तीच मिती सात शीटवर तशीच चुकलेली दिसे, आणि मूळ रचनेच्या फिकट रेषा कुठेच नसत. तरीही सही मिळायची, कारण सबमिशनचा शेवटचा दिवस आणि सव्वाशे मुले दाराबाहेर. माझ्या मते आपल्याकडची ‘शेवटची तारीख’ इथेच बिघडली. ती काम तपासण्याची तारीख उरली नाही, सह्या उरकण्याची झाली.

कायदा या काळात काय करत होता? तो परीक्षा हॉलमध्ये पहारा देत होता. विद्यापीठ, बोर्ड आणि इतर ठरावीक परीक्षांमधले गैरप्रकार रोखणारा राज्याचा कायदा १९८२ चा. चिठ्ठी, तोतया परीक्षार्थी, उत्तरपत्रिकेत नोट ठेवणे, पर्यवेक्षकाला दमदाटी अशा प्रकारांसाठी विद्यापीठाकडे शिक्षांची तपशीलवार वर्गवारी आहे. शेजाऱ्याची असाइनमेंट उतरवण्यासाठी तसे काही शोधायला गेलात तर हात रिकामेच येतील.

२०१८ मध्ये ही पोकळी भरेल असे वाटले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) त्या वर्षी जुलैत वाङ्मयचौर्याविरुद्ध विनियम आणले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येणार नाही. ६० च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. पाठोपाठ २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ उपक्रमातून विद्यापीठांना साम्य तपासणारे सॉफ्टवेअरही मिळाले. पण व्याख्येतली एक ओळ फार थोडे लोक वाचतात. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, कोर्सवर्क, निबंध आणि उत्तरपत्रिका यातून चक्क वगळल्या आहेत. नियम आहेत ते प्रबंधाला आणि संशोधनाला. स्टाफरूममध्ये ‘यूजीसीच्या नियमानुसार दहा टक्के’ असे एस.वाय.च्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, असाइनमेंटबद्दल बोलले जाते, ते निव्वळ उसने आणलेले आहे.

ठाणे स्टेशनच्या आसपास मार्च-एप्रिलमध्ये झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानांत डोकावलात की याचे रूप दिसते. आयटी, बीएमएसच्या शेवटच्या वर्षाची ‘ब्लॅक बुक’, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट, काळ्या बाइंडिंगात, सोनेरी अक्षरांत तयार होत असते. आत ‘हे काम माझे स्वतःचे आहे’ असे प्रतिज्ञापत्र असते. हे पानही कित्येकदा आधीच्या बॅचच्या फाइलमधून उचललेले असते, फक्त नाव आणि वर्ष बदलायचे. वर्ष बदलायला विसरलेली पुस्तकेही बांधून जातात.

वेळेच्या शिस्तीबाबत विद्यापीठाला फार बोलता येत नाही, हेही सांगायला हवे. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावावा असे २०१६ चा विद्यापीठ कायदा सांगतो. त्याच्या अंमलबजावणीच्या पहिल्याच वर्षी, २०१७ मध्ये, उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासण्याच्या (ऑनस्क्रीन) गोंधळात कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली आणि कुलगुरूंना जावे लागले. त्या बॅचला ‘उशीर झाला तर दोन गुण कापू’ हे सांगणे शिक्षकांना जड गेले असेल.

दरम्यान अंतर्गत गुणांचा लंबक झुलत राहिला. २०११-१२ मध्ये श्रेयांक पद्धत आली तेव्हा ६०:४० ची विभागणी होती, म्हणजे साठ गुण लेखी परीक्षेला आणि चाळीस अंतर्गत. त्या चाळीसमध्ये चाचणी, असाइनमेंट आणि जबाबदार विद्यार्थी म्हणून वर्तनाचेसुद्धा पाच गुण! ते वर्तन मोजायचे कसे, हे शेवटपर्यंत कोणाला कळले नाही. सगळ्यांना चार मिळायचे. पुढे प्रमाण ७५:२५ झाले, मग अनेक पारंपरिक विषयांत शंभरही गुण लेखी परीक्षेकडे परत गेले. आता नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर, संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून, ६०:४० पुन्हा आले आहे.

यावेळी वेळ मात्र वाईट निवडली गेली. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले होते. म्हणजे घरून लिहून आणलेल्या मजकुराची किंमत वाढली ती नेमकी तो कोणी लिहिला हे ओळखणे अशक्य झाल्यावर. यंत्राचे लिखाण ओळखणारे स्वतःचे साधन खुद्द ओपनएआयने जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केले. तरी काही वर्गांत अशाच साधनांच्या टक्केवारीवर गुण कापले जातात, आणि प्रामाणिकपणे नीटनेटके लिहिणारी मुले त्यात विनाकारण भरडली जातात.

बाकीच्या शिक्षकांनी आपापले तोडगे काढले आहेत. असाइनमेंट हस्तलिखितच हवी, हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी. स्क्रीनवरचे उत्तर वहीत उतरवायला ट्रान्स हार्बरच्या लोकलमधला ठाण्यापासून वाशीपर्यंतचा वेळ पुरतो. काही जण कच्चा मसुदा आणि पक्का मसुदा वेगवेगळ्या तारखांना मागवतात. काही जण लिखाणाचे गुण कमी करून प्रत्येकाला पाच मिनिटे समोर बसवतात आणि त्याच्याच असाइनमेंटवर दोन प्रश्न विचारतात. ऐंशीच्या वर्गात याचे जवळपास सात तास होतात, आणि ते वेळापत्रकात कुठेच धरलेले नाहीत.