फ्री विल नाहीच म्हणे... पण हा वाद आला कुठून?

फ्री विल, म्हणजे आपण स्वतःच्या इच्छेने काही ठरवू शकतो हे. त्याचा विषय निघाला की कोणीतरी लिबेटचा प्रयोग काढतंच. बेंजामिन लिबेट, कॅलिफोर्नियातला न्यूरोसायंटिस्ट, पेपर १९८३ चा. लोकांना सांगितलं की मनात येईल तेव्हा मनगट हलवा, आणि हलवावंसं वाटलं त्या क्षणी घड्याळावरचा ठिपका कुठे होता तेवढं लक्षात ठेवा. निघालं असं की 'वाटल्याची' जाणीव हालचालीच्या साधारण २०० मिलिसेकंद आधी, पण मेंदूतली तयारी त्याच्याही साडेतीनशे मिलिसेकंद आधीपासून सुरू. झालं, तेव्हापासून 'सायन्सने सिद्ध केलंय, आपण काहीच ठरवत नाही' हे फिरतंय. सिद्ध वगैरे काही झालेलं नाही, २०१२ मध्ये शर्गर नावाच्या न्यूरोसायंटिस्टने आणि मंडळींनी दाखवलं की ती तयारी म्हणजे मेंदूतल्या नेहमीच्या गोंगाटाचा चढउतारही असू शकतो.

पण 'काहीच आपल्या हातात नाही' ही भूमिका सगळ्यात कडक कोणी मांडली असेल तर बुद्ध-महावीरांच्या काळातल्या मक्खली गोसालाने. आजीविक पंथाचा पुढारी, जैन ग्रंथ म्हणतात की आधी सहा वर्षं महावीरांबरोबरच फिरत होता. त्याचं म्हणणं, ना बळ, ना प्रयत्न, ना पुरुषार्थ, सगळं नियतीने ठरलेलं. सुताचा गुंडा फेकला की तो जेवढं सूत आहे तेवढाच उलगडत जातो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघंही ८४ लाख महाकल्प (म्हणजे अफाट मोठे कालखंड) जन्ममरणात फिरून मगच सुटणार, मधे पुण्य करा नाहीतर पाप करा. गंमत म्हणजे इतकं असूनही हे लोक कडक तपश्चर्या करायचे! आणि पंथ काही किरकोळ नव्हता, गयेजवळच्या बराबर टेकडीतल्या गुहा अशोकाने राज्याच्या १२ व्या वर्षी त्यांना दिल्या, तसा लेख तिथे कोरलेला आहे.

आता 'उवासगदसाओ' या जैन आगमातली, म्हणजे धर्मग्रंथातली गोष्ट, मला या सगळ्या वादात हीच सगळ्यात भारी वाटते. पोलासपूरचा सद्दालपुत्त कुंभार, ५०० दुकानं, पक्का आजीविक. भांडी उन्हात वाळत घातलेली असताना महावीर विचारतात, ही कशी झाली? तो सांगतो, माती आणली, भिजवली, राख-शेण मिसळून मळली, चाकावर चढवली. मग हे प्रयत्नाने झालं की प्रयत्नाशिवाय? प्रयत्नाशिवाय, सगळं ठरलेलंच असतं. बरं, मग कोणी तुझी भांडी फोडली किंवा तुझ्या बायकोवर हात टाकला तर काय करशील? शिव्या घालीन, बडवीन, जीवसुद्धा घेईन! मग महावीर म्हणतात, सगळं जर ठरलेलंच, तर त्याला कशाला मारतोस? कुंभार निरुत्तर, आणि पुढे महावीरांचा अनुयायी.

अर्थात आजीविकांचा स्वतःचा एकही ग्रंथ उरलेला नाही, म्हणजे ही गोष्ट जिंकलेल्या बाजूची आहे हे विसरायचं नाही. माझ्या मते कुंभाराकडे उत्तर होतं की, 'माझं मारणंही ठरलेलंच!' ते उत्तर सापडतं तिकडे ग्रीसमध्ये, स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ झेनो याच्या किश्शात. चोरी केली म्हणून गुलामाला फटके देत होता, गुलाम म्हणाला चोरी माझ्या नशिबातच होती, झेनो म्हणाला, आणि फटकेही.

नंतर सगळं ठरवणारा मालक बदलत गेला. युरोपात देवाची इच्छा, मग १८१४ मध्ये फ्रेंच गणितज्ञ लाप्लास म्हणाला की विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्यावरची बलं कळणारी बुद्धी असेल तर तिला भविष्यही भूतकाळासारखं लख्ख दिसेल. आपल्याकडे टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ ला छापलेल्या गीतारहस्यात 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असं अख्खं प्रकरणच आहे. कर्मयोग सांगायचा तर आधी माणूस काही करू शकतो हे दाखवणं भागच होतं त्यांना.

मग १९६२ मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ पीटर स्ट्रॉसनने रोख पुन्हा त्या कुंभारासारख्या रागावर आणला, म्हणजे नियतिवाद खरा ठरला तरी आपण रागावणं, आभार मानणं, माफ करणं काही सोडणार नाही आणि जबाबदारी तिथेच आहे. नियतिवाद आणि फ्री विल दोन्ही एकत्र नांदू शकतात म्हणणाऱ्यांचंच आज पारडं जड आहे, २०२० च्या फिलपेपर्स या तत्त्वज्ञांच्या मतांच्या सर्व्हेत त्यांच्यापैकी साधारण ५९ टक्के या बाजूचे निघाले, आणि फ्री विल अजिबात नाही म्हणणारे ११ टक्क्यांच्या आसपास.