साल्झबुर्गच्या आर्चबिशपांची नाणी (सोळावे शतक)

आजच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचा आर्चबिशप धर्मगुरूही होता आणि पवित्र रोमन साम्राज्यातला संस्थानिकही. नाणी पाडण्याचा हक्क सम्राट तिसऱ्या ओटोने ९९६ मध्ये दिलेला. गास्टाइन आणि राउरिसच्या खाणींमुळे सोने-चांदीही घरचीच. धर्मसुधारणेच्या, म्हणजे लूथरने कॅथलिक चर्चविरुद्ध पेटवलेल्या चळवळीच्या, धामधुमीत गादीवर होता कार्डिनल माथेउस लांग (१५१९–१५४०). १५२५ च्या उठावात गास्टाइनचे खाणकामगारच त्याच्यावर उलटले आणि त्याला होहेनसाल्झबुर्ग किल्ल्यात कोंडून घ्यावे लागले.

नाण्यांवर शहराचा पालक संत रूपर्ट मिठाच्या पिंपासह दिसतो, कारण शहराचे वैभव मिठावर उभे होते. लांगच्या ‘राडियाना थालर’वर (थालर म्हणजे चांदीचे मोठे नाणे) वेलेनबुर्गची संत राडियाना आहे. दोन लांडगे तिच्यावर तुटून पडले आहेत. लूथरपंथी संतांची पूजा नाकारत असताना असे नाणे काढणे म्हणजे आपली बाजू चांदीत कोरणेच होते.

वजनाला मात्र पंथ नव्हता. लूथरपंथी सॅक्सनीत रुळलेला थालर १५६६ मध्ये साम्राज्याने मान्य केला: कोलोन मार्क या २३३.८५६ ग्रॅमच्या वजनमापातून ८ नाणी, म्हणजे प्रत्येकी सुमारे २९.२३ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे २५.९८ ग्रॅम, बाकी तांबे.

मुशीत चांदी-तांबे वितळवून पट्ट्या ओतत, त्या ठोकून पातळ करत आणि चकत्या कापत. ठोकल्याने धातू कडक होतो, म्हणून तो मधूनमधून तापवून मऊ करावा लागे. यात कसूर झाली की ठसा मारताना कड तडकते. जड चकती कानशीने घासून वजनात आणत. खालचा ठसा लाकडी ओंडक्यात पक्का रोवलेला, वरचा हातात धरून त्यावर घण. हात हलला की दुहेरी ठसा उमटे. लहान नाणी एकेक न तोलता मार्कभर एकत्र तोलत. त्यामुळे जड नाणी वेचून वितळवणाऱ्यांचे फावे.

ठशाआधी चकत्या मीठ आणि द्राक्षारसाच्या पिंपात साचणारा क्षार घातलेल्या पाण्यात उकळत. पृष्ठभागावरचे तांबे त्यात विरघळते आणि हिणकस चकतीही चांदीसारखी लखलखते. म्हणून कसोटीवर वरवर घासून भागत नसे. तुकडा शिशासह हाडांच्या राखेच्या वाटीत वितळवून, शिसे-तांबे राखेत मुरल्यावर उरलेली चांदीच तोलावी लागे.