नोफ्रेम्स

एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेतील एक कालबाह्य घटक. फ्रेम (ब्राउझरच्या खिडकीचे भाग पाडून प्रत्येकात वेगळे पान दाखवणारे कप्पे) दाखवू न शकणाऱ्या ब्राउझरसाठी वेबपानात पर्यायी मजकूर देण्याकरिता तो वापरला जाई.

फ्रेमसेट (फ्रेमांची मांडणी ठरवणारा घटक) आणि फ्रेम यांच्या जोडीने तो नेटस्केप नॅव्हिगेटर २.० या ब्राउझरमधून प्रचारात आला. ही आवृत्ती १९९६ ची. मात्र तिच्या चाचणी आवृत्त्या १९९५ च्या उत्तरार्धातच वापरात असल्याने उगम त्या वर्षीचा धरणे अधिक सयुक्तिक वाटते. जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये फ्रेमना स्थान नव्हते. ते डिसेंबर १९९७ च्या ४.० मध्ये मिळाले.

अनोळखी टॅग (घटकाची सुरुवात व शेवट दाखवणाऱ्या खुणा) वगळून आतला मजकूर तेवढा दाखवायचा, ही ब्राउझरची जुनी रीत. तिच्यावरच या घटकाची रचना बेतलेली आहे. फ्रेम न जाणणारा ब्राउझर नोफ्रेम्स हा टॅगही जाणत नाही, म्हणून आतला मजकूर आपोआप दिसतो. फ्रेम जाणणारा तो लपवतो.

एचटीएमएल ४.०१ (डिसेंबर १९९९) मध्ये त्याच्या दोन जागा सांगितल्या आहेत. फ्रेमसेट प्रकारच्या दस्तऐवजात तो फ्रेमसेटच्या आत येतो व त्याच्या पोटात बॉडी, म्हणजे पानाचा दिसणारा मजकूर धरणारा घटक, असावा लागतो. जुन्या घटकांना मुभा देणाऱ्या ट्रान्झिशनल प्रकारात उलट तो बॉडीच्या आत बसतो आणि परिच्छेद, याद्या थेट सामावतो. या दुसऱ्या वापराचे कारण देताना, फ्रेममधले पान फ्रेमसेटबाहेर सुटे उघडले तर त्याचा हेतू वाचकाला कळावा, असे मानकात म्हटले आहे. पण फ्रेम जाणणाऱ्या ब्राउझरने, फ्रेम बंद ठेवल्या नसतील तर, हा मजकूर दाखवू नये, असा नियमही त्याच मानकात आहे. या दोहोंचा मेळ बसत नाही. नियमच प्रमाण मानावा, कारण ब्राउझर त्याप्रमाणेच वागतात.

वापरात पुष्कळदा ‘आपला ब्राउझर फ्रेम दाखवू शकत नाही’ एवढेच वाक्य घातले जाई. वाचकाला त्याचा काहीच उपयोग नसे; अनुक्रमणिकेच्या पानाचा दुवा दिला असता तरी मजकुरापर्यंत पोहोचता आले असते.

ऑक्टोबर २०१४ च्या एचटीएमएल ५ ने फ्रेमसेट, फ्रेम व नोफ्रेम्स हे तिन्ही घटक कालबाह्य ठरवले. जुनी पाने उघडावीत म्हणून ब्राउझर ते अजूनही ओळखतात. नोफ्रेम्समधील मजकूर मात्र निव्वळ अक्षरे म्हणून वाचला जातो, आतल्या टॅगांचे घटक बनत नाहीत. नोएम्बेड (एम्बेड घटक न जाणणाऱ्या ब्राउझरसाठी पर्यायी मजकूर देणारा) हा त्याच्याच जातीचा घटकही कालबाह्य आहे. स्क्रिप्ट न चालल्यास पर्यायी मजकूर देणारा नोस्क्रिप्ट अद्याप ग्राह्य आहे.