फुप्फुसाच्या कर्करोगातील रेणवीय विविधता

सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसणारी फुप्फुसाची अर्बुदे जनुकीय बदलांच्या दृष्टीने रुग्णागणिक, आणि पुष्कळदा एकाच अर्बुदाच्या निरनिराळ्या भागांतही, वेगळी असतात. या भिन्नतेस रेणवीय विविधता म्हणतात.

ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारात ती विशेष ठळक आहे. पेशींच्या वाढीशी संबंधित ईजीएफआर या जनुकातील उत्परिवर्तन पूर्व आशियातील सुमारे निम्म्या, तर युरोप-अमेरिकेतील १०–१५ टक्के रुग्णांत आढळते. भारतातील प्रमाण या दोहोंच्या मधले आहे. २००७ साली जपानी संशोधकांनी शोधलेले ईएमएल४-एएलके हे (दोन जनुके एकमेकांना जुळून बनलेले) जोडजनुक जेमतेम ३–५ टक्के रुग्णांत असते. तरीही त्याची चाचणी वगळणे योग्य नाही, कारण त्यावर स्वतंत्र औषधे उपलब्ध आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आयपास या औषध-चाचणीत ईजीएफआर उत्परिवर्तन असलेल्यांचा आजार केमोथेरपीपेक्षा ईजीएफआरला रोखणाऱ्या जेफिटिनिब या गोळीने अधिक काळ आटोक्यात राहिला, तर उत्परिवर्तन नसलेल्यांत नेमके उलटे घडले. त्यामुळे जनुकीय तपासणीचा अहवाल येण्याआधी अंदाजाने अशी गोळी सुरू करणे धोक्याचे ठरते.

एकाच अर्बुदातील विविधता अधिक चिवट असते. जेफिटिनिबने आकसलेले अर्बुद साधारण वर्षभरात पुन्हा वाढू लागते आणि अशा सुमारे निम्म्या रुग्णांत टी७९०एम हे उत्परिवर्तन सापडते. त्यात ईजीएफआर प्रथिनातील ७९० क्रमांकाच्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल येते व औषध निष्प्रभ होते. काही अर्बुदांत अशा पेशी उपचारापूर्वीच थोड्या संख्येने असतात. औषधाने इतर पेशी मेल्या की त्यांना रान मोकळे मिळते. टी७९०एमवर मात करणाऱ्या ओसिमर्टिनिब या औषधाला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली, पण ईजीएफआरमधीलच सी७९७एस या आणखी एका बदलाने त्यालाही दाद न देणाऱ्या पेशी पुढे आल्या. क्वचित अर्बुद लघुपेशी कर्करोग या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या वेगळ्याच प्रकाराचे रूप घेते.

सुईने काढलेला तुकडा अर्बुदाच्या एकाच कोपऱ्याची माहिती देतो. रक्तातील अर्बुदजन्य डीएनएची तपासणी ही उणीव काही अंशी भरून काढते. मात्र ती नकारात्मक आली म्हणून उत्परिवर्तन नाहीच, असे मानता येत नाही. ब्रिटनमधील ट्रेसरएक्स प्रकल्पात शस्त्रक्रियेने काढलेल्या अर्बुदांचे अनेक भाग स्वतंत्रपणे तपासले गेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या १०० रुग्णांच्या निष्कर्षांनुसार, गुणसूत्रांच्या पातळीवरील भिन्नता जितकी जास्त, तितका रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका अधिक होता.

प्रतिरोधी पेशींना वाव मिळण्याआधीच दुहेरी मारा करावा, हा उपचाराचा एक मार्ग आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ३५० रुग्णांच्या चाचणीत जेफिटिनिबला सुरुवातीपासून पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधांची जोड दिल्यावर आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. औषधांचे गंभीर दुष्परिणाम मात्र वाढले.